चोचले कुणी करावेत?

चवीनं खावं की नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीत कुणी मांडत नाही. मोर्चा, निवेदन, राखीव जागा यांच्यापुढं तो हलका वाटतो. पण परवा आमच्या घरी अभ्यासवर्ग झाल्यावर तांबड्या-पांढऱ्याचा बेत होता, तेव्हा एका पोरानं ताट पुढं आल्यावर विचारलं, "ताई, आपल्या माणसास्नी अजून दोन वेळचं धड मिळत न्हाई, आणि आपण हे चोचलं करायचं व्हय?" वरपणारी पोरं थांबली. पोरगं प्रामाणिक आहे. त्याला तोंडी उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून लिहिते.

आधी आपलं जुनं खाणं बघू. येसकराची पाळी आली की घोंगडं खांद्यावर टाकून गावात फिरायचं, दारात लांब उभं राहून ओरडायचं आणि मिळेल तो तुकडा घ्यायचा. माझ्या आजीनं त्या भाकरी खाल्ल्या. ती सांगायची, बारा घरचं कोरड्यास एका गाडग्यात पडलं की त्याला बारा चवी राहत नाहीत, एकच आंबूस चव होते. गावात ढोर मेलं की ते ओढायचं, फाडायचं, वाटून घ्यायचं, उरलेल्याच्या चान्या करून वाळवायच्या. आजीला उभ्या जन्मात कुणी विचारलं नसेल की बाई, तुला काय आवडतं? भूक बैलालाही असते. आवड ठेवायला मात्र हक्क लागतो.

1927 च्या मार्च महिन्यात, 19 आणि 20 तारखेला महाडला परिषद झाली. चवदार तळं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, मागून आणलेले तुकडे सोडा, असं सांगितलं, ते भाषणात फारसं येत नाही. कमी खा, बेचव खा, असं ते म्हणाले नव्हते. पातेल्यात काय आहे यापेक्षा ते कुणाच्या दारातून आणि कशा वाकलेल्या मानेनं आलं, यावर त्यांचं बोट होतं. मग आज स्वतःच्या घामाच्या पैशानं मटण आणून पोटभर, चवीनं खाणं हा महाडचा द्रोह कसा होईल? (हिंसेचा मुद्दा काही मित्र काढतील. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात फरक केला आहे. तो वाद मोठा आहे, इथं त्यात शिरत नाही.)

उपाशी माणसाचं काय, हे त्या पोराचं विचारणं राहतंच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला 5 किलो धान्य ठरवलं. ते मिळालंच पाहिजे, वजनात मारलं तर भांडलंच पाहिजे. पण गरिबानं तेवढ्यातच समाधानी असावं आणि कार्यकर्त्यानंही त्याच्यासारखं राहावं, असं म्हणणं म्हणजे त्याची आवड आपणच मोडीत काढणं. रेशनच्या रांगेतल्या बाईला विचारून बघा, रविवारी काय करावंसं वाटतं. ती तांदूळ म्हणणार नाही.

आमच्या कोल्हापूरचं तर काही विचारू नका. 2019 च्या अखेरीला मटण महागलं तर शहरात कृती समिती झाली, आंदोलन झालं. त्याला कुणी चोचले म्हटलं नाही. खानावळीत रक्ती-मुंडी मागून मागून खातात. तीच आमच्या चुलीवर शिजली की घरमालकाला वास येतो.

याच गावात गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं आणि शाहू महाराज तिथं थांबून चहा प्यायले. केवढं धाडस त्या काळी! पण त्या चहाला किंमत आली ती पिणाऱ्यामुळं, आणि तेव्हा तशी साक्ष लागतच होती. घरातल्या रश्श्याला ती लागत नाही. कुणी येऊन खाल्ला नाही तरी तो चांगलाच असतो.

आता पातेल्याकडं येते, कारण खरी गोम तिथं आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची: ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, कांदा-लसूण-खोबरं भाजून डंकावर कुटून आणायचं. रविवारी सकाळी मटणाला आलं-लसूण-मीठ लावून शिजत ठेवायचं. त्याचं पाणी म्हणजे अळणी, त्यातली पहिली वाटी पोरांची. उरलेल्या अळणीचे दोन भाग. एकात चटणी आणि भाजल्या खोबऱ्या-तिळाचं वाटण, तो तांबडा. दुसऱ्यात खसखस-काजूचं वाटण आणि नारळाचं दूध, तो पांढरा. पांढऱ्याजवळून हलायचं नाही, खळाखळा उकळला तर दूध फाटतं. सातला लागलं की एक वाजतो. आणि मग वाढायचं.

उपाशी जनतेची आठवण काढणाऱ्या त्या पोराला खोबरं कुणी भाजलं, हे विचारावंसं वाटलं नाही. बहुतेक घरांत वाढणारी शेवटी बसते. तोवर पांढरा संपलेला असतो, तांबड्याचा तळ आणि चार हाडं राहतात. मित्रांनो, गावाचे तुकडे आपण सोडले, पण दुसऱ्याचं उरलंसुरलं खाणारं एक माणूस आपल्याच घरात ठेवलं. चोचल्यांबद्दल बोलायचं तर इथनं बोला. जिभेचे लाड वाईट नाहीत, दुसऱ्याला चुलीपुढं सहा तास बसवून केलेले लाड वाईट.

आमच्याकडं आता खोबरं आमचे हे किसतात आणि भाजतात. पहिल्यांदा करपवलं, रस्सा कडू झाला, सगळ्यांनी मुकाट खाल्ला. अभ्यासवर्गाच्या दिवशी कांदे पोरांनी चिरायचे. आणि रांधणाऱ्यांची ताटं आधी वाढायची, त्यात नळी पहिली.

हे सासूबाईंना जमत नाही. त्या ताट घेऊन दाराआड बसतात. गेल्या महिन्यात मी त्यांना नळी वाढली, तर त्यांनी उचलून नातवाच्या ताटात ठेवली. मला न्हाई आवडत, म्हणाल्या. सत्तरी उलटली त्यांची. घरात विचारलं, तर त्यांना नळी खाताना कुणीच कधी बघितलेलं नाही.