हिशेबाची वही

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी माझी दहा वर्षांची लेक अंगणात पन्हाळा बांधीत होती. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. मी दारातच साडीला फॉल लावीत बसले होते. मान वर न करता ती म्हणाली, "आई, मला नवीन मावळे नकोत. मी वही वाचलो."

कोल्हापूरच्या पोरींचे बोलणे हे असे. 'वाचली' नाही, 'वाचलो'. एरवी मला हसू आले असते. त्या दिवशी आले नाही.

ती वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवीत असे. लग्नापायी अर्धे राहिलेले शिक्षण नवऱ्याच्या माघारी मी पुन्हा हाती घेतले आहे. सदतिसाव्या वर्षी बी. ए.च्या शेवटच्या वर्गात बसते. सकाळी कॉलेज, दुपारपासून फॉल-पिको. वहीत जमेच्या बाजूला तेवढेच. खर्चाच्या बाजूला घरभाडे, दूध, शाळेची रिक्षा, भिशीचा हप्ता; आणि या महिन्यात तळाशी एक ओळ : 'परीक्षा फी – दिवाळीतून.'

चारच दिवसांपूर्वी महाद्वार रोडवर मी तिला सांगितले होते, "यंदा चांगले मावळे आलेच नाहीत ग." समोर तर गाडा भरून मावळे उभे होते!

मला लाज वाटली ती तंगीची नव्हे, या वाक्याची. मुलापासून घरची ओढाताण लपवावी की नाही, हा प्रश्न ज्यांच्या घरात कधी महिनाअखेर येतच नाही त्यांना सुचणार नाही. बाकीच्यांना तो रोजचा आहे. आमच्या शेजारच्या काकूंचे उत्तर ठरलेले असते : "पोरीला पैशाच्या घोरात घालू नकोस. मोठेपणी आहेच की ते!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. बालपण एकदाच येते. पण माझ्या वडिलांनी आम्हांला कधीच काही सांगितले नाही, आणि ते गेल्यावर तेराव्याच्या आत वाण्याची खातेवही दारात आली. त्या वहीने मला वडील नव्याने कळले, आणि ते कळायला उशीर झाला होता.

अशा वेळी मला पार्वतीबाई आठवले आठवतात. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी मुलगा. धोंडो केशव कर्व्यांची पत्नी बाया ही त्यांची बहीण. तिच्या आधाराने त्या पुण्याला आल्या आणि मोठ्या वयात शिकायला बसल्या. पुढे १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे पोटासाठी लोकांच्या घरची कामे केली. हे सारे त्यांनी १९२८ साली 'माझी कहाणी'त स्वतःच लिहून ठेवले. धुणीभांडी करून शिकले हे जगाला सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. आणि मला माझ्याच लेकीला फीचा आकडा सांगवत नव्हता!

आणि तोही कोणत्या गावात? इथे शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, मग एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला. शिकणाऱ्याच्या पोटाची चिंता ही खाजगी लाजेची गोष्ट नाही, सगळ्या गावाची आहे, हे इथे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे. ते मी परीक्षेत लिहिते, आणि घरी येऊन वही डब्यामागे सारते.

विचार करता करता मला एवढे उमगले : हिशेब आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबाला तळ असतो. बेरीज-वजाबाकी संपली की तो थांबतो. काळजीला तळ नसतो. मुलांना हिशेब सांगावा, काळजी आपल्यापाशी ठेवावी. आपण नेमके उलटे करतो. आकडे लपवतो, आणि सुस्कारे मात्र घरभर ऐकू जातात.

त्या रात्री वही तिच्यापुढे उघडली. तिने जमेची बाजू आधी वाचली, मग खर्चाची. तळाशी येऊन थांबली.

"तू नापास झालीस तर?"

ही रक्कम मी कुठल्याच रकान्यात मांडली नव्हती. म्हटले, "मग फी पुन्हा भरावी लागेल."

ती थोडा वेळ गप्प बसली. "मग अभ्यास कर की! किल्ल्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून गेल्या वर्षीचे मावळे निघाले. रंग उडालेले, एकाचा हात मोडलेला. तीन दरवाजापाशी त्यांची रांग लागली. वही आता फडताळात, तिच्या दप्तराशेजारी असते.

पण खरे सांगायचे तर काकूंचे बोलणे मनातून जात नाही. मी रात्री अभ्यासाला बसते, आणि लेक झोपेत काही पुटपुटली की पुस्तक खाली ठेवून कान देते. आकडे तर म्हणत नाही ना? परवा नीट ऐकले. ती मावळ्यांना हुकूम सोडीत होती.