खेळणारा आणि सांगणारा

मोबाइलवर बंदुकीचा खेळ उत्तम खेळणारी पोरं आता गावोगाव आहेत, माणदेशातही आहेत. हात बसला की यूट्यूबवर आपला खेळ लाईव्ह दाखवायला सुरुवात करायची आणि बघणारे आपोआप येतील, असा त्यांतल्या अनेकांचा समज असतो. पण २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं आणि चांगला खेळणारा दुर्मिळ राहिला नाही. नेमका हेडशॉट मारणारा एक सापडला की त्याच्यापेक्षा सरस दुसरा शेजारच्याच चॅनलवर असतो. कौशल्यामुळे माणूस पहिल्यांदा थांबतो. त्याला तासभर बसवायचं तर खेळता खेळता आपला विचार मोठ्याने सांगता आला पाहिजे. माझ्या मते या धंद्यातलं खरं कसब तेच आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे कुस्तीवरून लगेच कळेल. जत्रेच्या फडात खडाखडी सुरू झाली की लांब बसलेल्याला आत काय चाललंय ते दिसत नाही. निवेदक सांगतो: पट काढलाय, आता घिस्सा लावायच्या बेतात आहे, वरच्याची पकड ढिली पडली. शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी या बोलण्याला कलेची प्रतिष्ठा दिली. डाव जाणणाराच डाव सांगू शकतो, म्हणून निवेदकाचं ज्ञान मल्लापेक्षा फार कमी असून चालत नाही. लाईव्ह खेळणाऱ्याला मात्र मल्ल आणि निवेदक दोन्ही एकाच वेळी व्हावं लागतं. बोलण्यात गुंतलं की नेम चुकतो, गप्प राहिलं की बघणारा निघून जातो. ‘इथून का वळलो’, ‘तो दगडामागे आहे हे कशावरून ओळखलं’, हे गोळीबार चालू असताना सांगता येणं रियाजाशिवाय जमत नाही.

मुंबईचा आदित्य सावंत ‘डायनॅमो’ या नावाने मोठा झाला, तो निव्वळ नेमबाजीवर नाही. ‘पट्ट से हेडशॉट’ हे त्याचं पालुपद पोरांच्या तोंडी बसलं. नवी मुंबईचा नमन माथुर, म्हणजे ‘मॉर्टल’, याच्या सोल संघाने २०१९ ची पबजी मोबाइल इंडिया सिरीज जिंकली. पण रोज त्याला बघायला येणारे त्याच्या शांत बोलण्यासाठीही येत होते.

इथे एक तांत्रिक पेच आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. तुमचं लाईव्ह प्रतिस्पर्धीही उघडून बसतो, तुम्ही कुठे लपलात ते बघतो आणि येऊन मारतो. त्यावर उपाय म्हणजे चित्र मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवणं. पण मग चॅटमध्ये विचारलेल्या प्रश्नालाही उशिरा उत्तर जातं आणि गप्पांची लय तुटते. जिंकणं सांभाळायचं की सोबत? स्पर्धेत उतरणाऱ्याने उशीर स्वीकारावा. दहा-वीस बघणाऱ्यांवर उभं राहू पाहणाऱ्याने मात्र हरणं पत्करावं आणि प्रत्येकाला नावाने हाक मारावी, असं मी सांगेन.

हाक कोणत्या भाषेत मारायची? सावंतसारखे मराठी घरातले खेळाडूही हिंदीत बोलले. देशभरचा प्रेक्षक हवा तर ते समजण्यासारखं आहे. पण नवख्याने त्या गर्दीत शिरण्यापेक्षा आपल्या बोलीत बसावं. माणदेशातल्या म्हसवडमध्येच याचा दाखला आहे. २००८ मध्ये इथे माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ एफएमवर सुरू झालं. तिथल्या निवेदिका केराबाई सरगर शाळा न शिकलेल्या. ओव्या रचून गातात, माणदेशी बोलीतच बोलतात, आणि त्यांची ओळख तालुक्याबाहेर पोचली. आपल्या घरातलं कुणी बोलतंय असं वाटलं की ऐकणारा पुन्हा येतो.

बोलण्यावर इतका भर देण्याचं आणखी एक कारण आहे. हे मैदान खेळणाऱ्याच्या मालकीचं नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली आणि त्यात पबजी गेलं. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायर हा तसाच दुसरा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. वर्षानुवर्षं कमावलेला नेम अशा वेळी एका दिवसात निरुपयोगी होतो. ज्यांच्याकडे लोक माणसासाठी येत होते, त्यांनी अमंग अस किंवा व्हॅलोरंट असा दुसरा खेळ उघडला आणि प्रेक्षकांतले बरेच जण मागोमाग आले.

आणि बोलता येणाऱ्याला इथे दुसरं मैदानही मोकळं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केल्यापासून सातारा-सांगलीतल्या बैलगाडा शर्यती यूट्यूबवर लाईव्ह दाखवल्या जातात. बैलजोड्यांची नावं, मालक, मागच्या मैदानातला निकाल हे सगळं तोंडपाठ असणारा आणि धावपट्टीवर काय घडतंय ते त्याच क्षणी सांगणारा माणूस प्रत्येक मैदानाला लागतो. तिथला प्रेक्षक आधीच मराठीत ऐकतो आहे.