आळस की अडसर?

कुरखेडा परिसरातील घरांत एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : “पोरगा हुशार आहे जी, पन वाचाचा कंटाळा करते.” अधिक चौकशी करावी तर कळते, की हाच मुलगा तेंदूपानांच्या पुड्यांचा हिशेब तोंडी करतो, एकदा ऐकलेला दाखला क्रमवार सांगतो, छापील ओळ समोर आली की मात्र अडखळतो. आळस एवढा निवडक असतो काय?

१८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्यांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. या अडचणीस आज डिस्लेक्सिया म्हणतात. लेखनातील अडचणीस डिस्ग्राफिया. बुद्धिमांद्याशी तिचा संबंध नाही. घ-ध, भ-म यांची अदलाबदल, गळणारे काना-वेलांटी, जोडाक्षरापाशी थबकणे, एकच शब्द एका पानावर तीन रीतींनी लिहिणे, या तिच्या खुणा. आरंभी सारीच मुले अशी चुकतात. नीट शिकवूनही तिसरी-चौथीपर्यंत चुका टिकल्या तर शंका घ्यावी. त्याआधी डोळे व कान तपासून घ्यावेत, हे सांगणे नलगे.

महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता मान्य केली. जादा वेळ, लेखनिक हे ऐकून काही पालक विचारतात, हा इतरांवर अन्याय नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. आम्ही उलट विचारतो : इतिहासाची उत्तरपत्रिका इतिहासाचे ज्ञान तपासते की हाताचा वेग? जड जिभेच्या मोशेला देवाने अहरोन दिला; मोशेची कामगिरी मात्र काढून घेतली नाही. रोमकरांस पाठविलेले पत्र तर्तियाच्या हाताने लिहिले गेले, तरी ते पौलाचेच. अर्थात वाचनच शिकवायचे असते तेथे सवलत पुरत नाही. तेथे अक्षर व ध्वनी यांची जोड संथपणे, पुनःपुन्हा शिकवावी लागते. प्रमाणपत्र मिळाले म्हणून शिकवणे सोडणारे आम्हाला मान्य नाहीत.

आमच्या भागात आणखी एक गुंता आहे. पुष्कळ घरांत गोंडी वा छत्तीसगढी बोलतात आणि शाळा मराठी. परक्या भाषेत चाचपडणारे मूल अक्षम नव्हे; पण त्याच सबबीखाली खरोखर अडलेले मूलही झाकले जाते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीसाठी आहे. त्यांत गोंडी नाही. म्हणून गोंडी जाणणाऱ्या शिक्षकाने प्रथम मुलाकडून त्याच्या बोलीत गोष्ट ऐकावी, मग ती मराठीत सांगवून घ्यावी, आणि शेवटी तीच वाचावयास द्यावी. मराठीत सांगता येते, पण वाचता येत नाही, असे दिसले तर त्या मुलाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेऊन पुढील तपासणीची वाट विचारावी. एक दिवसाची मजुरी बुडेल.