स्वातंत्र्य आणि स्वामित्व : गायतोंडे यांच्या चित्रांच्या निमित्ताने

अमूर्त अभिव्यक्तिवादाच्या चर्चेत स्वातंत्र्य ही संकल्पना बहुधा गृहीतच धरली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक्सन पोलॉकने जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवला आणि चित्र म्हणजे चित्रकाराच्या देहक्रियेची नोंद ठरले. १९५८-५९ मध्ये ‘द न्यू अमेरिकन पेंटिंग’ हे प्रदर्शन युरोपातील आठ देशांत फिरले; व्यक्तीची मुक्तता ही एका राष्ट्राच्या मुक्ततेची खूण बनली. येथे स्वातंत्र्य म्हणजे ‘स्व’चा अनिर्बंध उच्चार.

वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांची चित्रे या समीकरणाविषयी शंका उत्पन्न करतात. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. ती चित्रकला त्यांना अपरिचित नव्हती. तरीही आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत.

हा भेद केवळ संज्ञेचा नाही, साधनांचाही आहे. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी ते रंगाचे थर चढवीत, कागदाने टिपून काढीत. रोलर फिरतो तेव्हा हाताची लकब पुसली जाते. पोलॉकची रेषा हाताची साक्ष देते. गायतोंडे यांच्या चित्रात हात मागे सरतो.

परंतु हात मागे घेण्याचा निर्णयही त्याच ‘स्व’चा नव्हे काय? अर्थातच आहे. रोलर कोठे थांबवावा, हे चित्रकारच ठरवतो. ‘स्व’चा संपूर्ण लोप ही कल्पना म्हणूनच फसवी आहे. गायतोंडे यांचा त्याग अधिक मर्यादित, आणि म्हणून अधिक खरा आहे. त्यांनी कर्तृत्व सोडले नाही. अर्थावरील स्वामित्व सोडले. त्यांची उत्तरकालीन चित्रे बहुतांशी शीर्षकरहित आहेत. पाहणाऱ्याने कोठे पोचावे, हे ती सांगत नाहीत.

या त्यागात धोकाही आहे. ज्या चित्रावर निर्मात्याने अर्थाचा हक्क सांगितला नाही, त्यावर कोणीही हक्क सांगू शकतो. १९९५ चे त्यांचे एक शीर्षकरहित चित्र २०१५ मध्ये मुंबईतील लिलावात २९.३ कोटी रुपयांना विकले गेले. मोकळी ठेवलेली जागा बाजाराने आकड्याने भरून काढली.

यामुळे चित्रकाराचा शोध फोल ठरतो असे मानणे घाईचे होईल. दुसऱ्याला मोकळे सोडणे म्हणजे त्याच्या चुकण्याची शक्यताही मान्य करणे होय. ती मान्य नसेल, तर जे दिले जाते ते स्वातंत्र्य नसून आज्ञाच असते. गायतोंडे यांनी आज्ञा केली नाही. आकड्यापलीकडे पाहायचे की नाही, ही जबाबदारी मात्र त्यामुळे पाहणाऱ्यावर येते, आणि ती चित्रकाराकडे परत करता येत नाही.