माझ्या हातचं

दर रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे गुडघे टेकून पापांची कबुली देतो. अंगात मस्ती असलेल्याला हे औषध चांगलं लागू पडतं. पण आपण घाण आहोत याची ज्याला आधीपासूनच खात्री आहे, त्याच्याही तोंडी तेच शब्द येतात, आणि त्याचं त्याने काय होतं याचा विचार आमच्या मंडळ्यांत फारसा होत नाही. मला तो करावा लागला, कारण माझी नोकरीच तशी होती. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन जिल्ह्यांत मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काम केलं.

चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक त्वचेला हलकेच लावायचं, आणि लागलं तिथे बोट ठेवायला सांगायचं. चांगल्या कातडीवर बोट चटकन येतं. चट्ट्यावर टोक टेकवलं की माणूस डोळे मिटून तसाच बसून राहतो, आपण अजून सुरुवातच केली नाही असं समजून. मग डोळे उघडून तो पेन पाहतो. त्यानंतरचा पहिला प्रश्न औषधाचा क्वचितच असायचा. ‘मी का पाप केलो जी?’ हाच असायचा.

मी सांगायची की हा जंतूचा आजार आहे, हॅन्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ सालीच तो जंतू पाहिला, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्या, सरकार फुकट देतं. माणसं मान डोलवायची. जंतू पटायचा. पण तो माझ्याच अंगात का शिरला, हे जंतुशास्त्र सांगत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पाप आयतंच येऊन बसतं. त्यात एका गोळीने कातडी काळी पडते आणि दुसरीने लघवी लाल होते. आधीच शिक्षा भोगतोय असं मानणाऱ्याला आणखी पुरावा कशाला हवा?

योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात शिष्य येशूला नेमकं हेच विचारतात. जन्मांध माणूस समोर आहे. पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आमचे लोक हा अध्याय आवडीने सांगतात, पण बायबल सगळीकडे असं बोलत नाही हेही सांगायला हवं. जुन्या करारात मिर्यामेला कोड फुटतं ते शिक्षा म्हणून, गेहजीलाही लोभापायी तेच. लेवीय पुस्तकातला नियम तर मला सगळ्यात क्रूर वाटतो: रोग्याने फाटके कपडे घालून वस्तीबाहेर राहायचं आणि आपण अशुद्ध असल्याचं आपल्याच तोंडाने ओरडत जायचं. दुसऱ्याने हाकलण्याची गरजच उरत नाही.

कायद्यातही आम्ही काही वेगळे नव्हतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ साली वेगवेगळ्या कायद्यांतून काढलं गेलं, त्यात हिंदू आणि मुस्लिम विवाहाचे कायदे होते तसा आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १८६९ चा कायदाही होता.

म्हणून मार्काच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठी मला महत्त्वाचा वाटतो. तो म्हणतो की तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. येशूला हे जमेल का, ही त्याची शंका नाहीच. माझ्यासारख्यासाठी कोणी तशी इच्छा धरील का, इथे त्याची गाडी अडली आहे. आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. आधी शिवतो, रोग नंतर जातो. क्रम उलटा असता तर ती नुसती चमत्काराची गोष्ट झाली असती.

कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात आमच्या छोट्या मंडळीतली एक बाई होती. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झालेला, संसर्गाचा प्रश्न कधीच मिटलेला. पण मेलेल्या नसा काही गोळ्यांनी परत येत नाहीत. चुलीवरचं भांडं उचलताना बोटं भाजायची आणि तिला ते वासावरून कळायचं. घरात तिने ताट-पेला स्वतःहून वेगळा केला होता. सून म्हणाली नव्हती, मुलगा म्हणाला नव्हता. हातपाय रोज पाण्यात भिजवायचे, कडक कातडी दगडाने घासायची, तेल लावायचं, हे मी दर खेपेला सांगायची. ती हो म्हणायची आणि करायची नाही. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की यात आळस नव्हता. जे पाय शिक्षा म्हणून मिळालेत त्यांना कोणी तेल लावत बसेल का? स्वतःबद्दलचं वाईट मत मनात असतं असं आपण म्हणतो. मी ते टाचेच्या जखमेत पाहिलं आहे.

मी तिला योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. तिने नीट ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘तो आंधळा होता जी. मी महारोगी.’

बाहेरून येणारे काही प्रचारक अशा माणसांना सांगतात की विश्वास खरा असेल तर गोळ्यांची गरज नाही. त्यांचा मला राग आहे. रोग गेला नाही की मग विश्वासही खोटा ठरतो, म्हणजे आधीच्या पापावर नवं पाप. रोज आरशासमोर उभं राहून ‘मी मौल्यवान आहे’ म्हणा, हा दुसरा उपदेशही मला पोकळच वाटतो. आपली किंमत आपणच ठरवायची, तर ती कमी ठरवण्याचा सराव इतक्या वर्षांचा झालेला असतो. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी हे कोणत्याही पाळकाआधी ओळखलं. आनंदवनात त्यांनी रोग्यांना भीक किंवा उपदेश दिला नाही, काम दिलं. तुझ्या हातून होईल असं दुसऱ्याने आधी धरून चालायचं, आणि हाताला ते मागाहून कळायचं.

तर ती बाई प्रभुभोजनाला सगळ्यात शेवटी जायची. प्याला एकच, आपल्या मागून कोणाला प्यावं लागू नये हा तिचा हिशोब. पण प्याल्यात उरलेला द्राक्षारस पाळकाने संपवायचा, ही आमच्या उपासनेची जुनी रीत. पाळकसाहेबांनी मुद्दाम काही केलं नाही, तिच्याशी कधी त्याबद्दल बोललेही नाहीत. दर वेळी प्याला वेदीवर नेऊन ते उरलेलं पिऊन टाकायचे. तिचं लक्ष तिकडे गेलं ते फार उशिरा, कारण प्याला दिल्यावर ती मान खाली घालून जागेवर परतायची. एकदा मला बाजूला घेऊन तिने विचारलं, ‘साहेब माज्या मागून पेतेत. त्याइले माहीत नाई का बाई?’

म्हटलं, चांगलं माहीत आहे.

यानंतर सगळं पालटलं असं मी म्हणणार नाही. देवाच्या प्रीतीबद्दल मी तिला त्यापुढे एक अक्षर सांगितलं नाही. पाय ती भिजवू लागली, कधी चुकवायची. टाचेची जखम भरायला पावसाळा गेला. ताट मात्र वेगळंच राहिलं, निदान मी जात होते तोवर.

सुगीच्या सणाला आमच्याकडे लोक भात, भाज्या, कोंबड्या आणतात आणि उपासना झाली की आवारात त्यांचा लिलाव होतो. बायका घरी केलेले पदार्थही आणतात. ती दरवर्षी लाखोळीची डाळ नाहीतर भोपळा आणायची, शिजवलेलं कधीच नाही. एका वर्षी तिने वड्यांची टोपली आणली आणि फडक्याने झाकून भोपळ्यांच्या रांगेत मागे ठेवली. लिलाव पुकारणाऱ्या तरुण पोराने फडकं ओढलं, बोली लावली, दोघातिघांत थोडी चढाओढ झाली आणि टोपली तिच्याच शेजारणीने घेतली. तिने तिथेच एक वडा मोडून तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर सुनावलं की मीठ कमी पडलंय.

‘तू पैसे कमी दिलीस,’ ही म्हणाली.