जाणणे आणि मानणे

परीक्षक उत्तरपत्रिकेला गुण देतो तेव्हा तो नेमके कशाला गुण देतो, हा प्रश्न बहुतेक विषयांत अडचणीचा ठरत नाही. प्रमेय सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याची त्या प्रमेयावर श्रद्धा आहे काय, असे कोणी विचारीत नाही. ज्ञानेश्वरीवर उत्तम उत्तर लिहिणारा विद्यार्थी अद्वैती असावा, अशी अट मराठीचा परीक्षकही घालीत नाही. उत्क्रांतिशास्त्राच्या वर्गात मात्र या प्रश्नाला सामोरे जावे लागते; कारण तेथे शिकविले जाणारे ज्ञान काही विद्यार्थ्यांच्या घरातून आलेल्या विश्वकल्पनेला थेट भिडते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, लबक या शहरी टेक्सास टेक विद्यापीठ आहे. तेथील जीवशास्त्राचे प्राध्यापक मायकेल डिनी यांनी आपले शिफारसपत्र मागणाऱ्यांसाठी काही अटी जाहीर केल्या होत्या. विद्यार्थ्याने त्यांच्या वर्गात सर्वोच्च श्रेणी मिळविलेली असावी. त्यांचा त्याच्याशी पुरेसा परिचय असावा. आणि मानवजातीचा उगम कसा झाला असे तुला वाटते, या प्रश्नाला त्याने मनःपूर्वक शास्त्रीय उत्तर द्यावे. या तिसऱ्या अटीविरुद्ध एका विद्यार्थ्याच्या वतीने तक्रार झाली आणि 2003 च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने चौकशी सुरू केल्याचे जाहीर झाले. शिफारसपत्र हा प्राध्यापकाच्या वैयक्तिक निर्णयाचा भाग आहे, अशी भूमिका विद्यापीठाने घेतली. वर्गातील श्रेणीशी या अटीचा संबंध नव्हता, हे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे.

डिनी यांची बाजू क्षुल्लक नव्हती. त्यांच्याकडे येणारे पुष्कळ विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर होते. प्रतिजैविकांचा मारा झाला की दुबळे जीवाणू मरतात, योगायोगाने प्रतिकारक्षम असलेले उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. हे नैसर्गिक निवडीचे रोजचे उदाहरण रुग्णाच्या खाटेपाशीच घडत असते. जीवशास्त्राचा मूलभूत सिद्धान्त नाकारणारा वैद्य पुराव्यापुढे मान तुकविण्याची सवय कोठून आणील, असा त्यांचा रोख होता.

तथापि या अटीत एक अंतर्विरोध होता. परीक्षेतील सचोटीचा पहिला नियम असा की, जे आपले नाही ते आपले म्हणून मांडू नये. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेतून उतरविणारा विद्यार्थी याच नियमाने दोषी ठरतो. आता ज्याला उत्क्रांतीचे सर्व पुरावे मुखोद्गत आहेत, पण ज्याच्या मनाने ती स्वीकारलेली नाही, अशा विद्यार्थ्याला ‘तुला काय वाटते’ असे विचारले तर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. त्याने खरे सांगितले तर पत्र जाते. पत्र हवे असेल तर दुसऱ्याची खात्री स्वतःची म्हणून मांडावी लागते. ज्या नियमाखाली उतरवून काढणाऱ्याला शिक्षा होते, त्याच नियमाचा भंग येथे बक्षीस घेऊन जातो. शिवाय सराईतपणे खोटे बोलणारा या चाळणीतून सहज निसटतो. अडकतो तो सरळ मनाचा मुलगा.

खुद्द डार्विनचे उदाहरण येथे आठवणे भाग आहे. 1831 च्या जानेवारीत केंब्रिज येथे पदवीची परीक्षा देताना त्याला ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांवरील विल्यम पेलीचा ग्रंथ अभ्यासाला होता. तो ग्रंथ आपण संपूर्ण अचूक लिहून काढू शकलो असतो, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. ‘ऑनर्स’ न घेणाऱ्या 178 परीक्षार्थींत त्याचा क्रमांक दहावा होता. पेलीच्या मांडणीवर तो तेव्हा लुब्धही होता. पण परीक्षकांनी गुण दिले ते उत्तराला. अंतःकरणाची हमी निराळ्या दाराने मागितली जाई : त्या काळी केंब्रिजची पदवी घेताना आपण इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे आहोत, असे जाहीर करावे लागे. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांतील असल्या धार्मिक कसोट्या 1871 च्या कायद्याने बव्हंशी संपल्या. ज्याने पेलीचा पाठ उत्तम दिला त्यानेच 1859 मध्ये पेलीच्या विश्वरचनेचा आधार काढून घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ देणे म्हणजे बांधले जाणे असते, तर हे घडते ना.

2003 च्या एप्रिलपर्यंत डिनी यांनी आपल्या अटीचे शब्द बदलले. ‘तुला काय वाटते’ हे गेले. मानवाच्या उगमाची शास्त्रीय उपपत्ती सांग, एवढेच उरले. न्याय खात्याने प्रकरण मिटविले. परंतु शिफारसपत्र म्हणजे उत्तरपत्रिका नव्हे. तेथे प्राध्यापक एका माणसाविषयी स्वतःच्या सहीनिशी हमी देतो आणि सचोटीचा जो नियम विद्यार्थ्याचे रक्षण करतो तो त्यालाही लागू पडतो. सर्व पुरावे बिनचूक सांगून त्यांपैकी एकही न मानणाऱ्या विद्यार्थ्याविषयी ‘हा उत्तम शास्त्रज्ञ होईल’ असे लिहिताना त्याचीही लेखणी अडखळू शकते. बदललेल्या शब्दांनी विद्यार्थ्याची कोंडी सोडविली. सही करणाऱ्याची कोंडी तशीच राहिली.