निष्पाप

दिवाळी आली की आपल्या दयेलाही पालवी फुटते. चकल्या-करंज्यांचे डबे बालकाश्रमांकडे निघतात, देणगीची आवाहने छापली जातात, आणि एचआयव्हीबाधित मुलांसाठी आवाहन असेल तर त्यात एक शब्द हमखास असतो : 'निष्पाप'. मी मास्तर माणूस. शब्द दिसला की त्याचा विग्रह केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ज्याच्या ठायी पाप नाही तो निष्पाप, बहुव्रीही समास. व्याकरण येथे संपते. पण अर्थ तेथे थांबत नाही. अमुक एक निष्पाप आहे असे जेव्हा बजावून सांगावे लागते, तेव्हा त्याच्या शेजारी कोणीतरी पापी बसवलेला असतो. मलेरिया झालेल्या मुलाला निष्पाप म्हटलेले मी कधी वाचले नाही.

हा शेजारी बसवलेला पापी कोण? पहिला बोट दाखवला जातो तो आईकडे. भारतात या विषाणूचा पहिला माग १९८६ साली मद्रासला लागला. तो लावणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले आणि सहा जणींत विषाणू आढळला. झाले! रोगाला तोंड मिळाले, आणि ते बाईचे होते. पुढे १९९३ साली सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने संस्था काढली आणि २०१५ साली निधन होईपर्यंत हेच काम केले. त्या काळात त्यांच्याकडे ज्या बाधित स्त्रिया येत, त्यांतल्या बहुतेकींनी नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष पाहिलेला नव्हता. म्हणजे आईही निष्पाप ठरली. मग बाप पापी का? बाप ट्रक घेऊन महिनोन् महिने घराबाहेर राहणारा. त्याला ती बाई भेटली. आणि त्या बाईला कोणीतरी लहानपणीच विकलेले. साखळीची एकेक कडी सुटी करून तपासत गेलो, तर शेवटी निकालपत्र कोणाच्या हातात द्यायचे हेच कळेनासे होते. विषाणू तर कोणाचे चारित्र्य विचारीत नाही. ते विचारणारे आपणच.

दक्षिण आफ्रिकेतल्या एका मुलाने हे आपल्यापेक्षा लवकर ओळखले होते. न्कोसी जॉन्सन त्याचे नाव. १९८९ साली तो विषाणू घेऊनच जन्मला. १९९७ साली जोहान्सबर्गच्या एका प्राथमिक शाळेत त्याच्या प्रवेशावरून वाद पेटला. जुलै २००० मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत अकरा वर्षांचा हा पोर हजारो माणसांसमोर उभा राहिला. मागणी काय केली? गरोदर बायांना औषध द्या, म्हणजे विषाणू बाळापर्यंत जाणार नाही. त्याच्या नावाने १९९९ साली निघालेल्या घरात बाधित आया आणि त्यांची मुले एकत्र राहतात. ज्याला सारे जग निष्पाप म्हणत होते, त्याने आईला वगळून मिळणारी दया पुरेशी मानली नाही. जून २००१ मध्ये, बाराव्या वर्षी, तो गेला.

अशा शाळा आपल्याकडेही झाल्या. रवी बापटले यांनी २००७ साली लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावला 'सेवालय' काढले. २००९ साली तिथली बाधित मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपलीच मुले शाळेतून काढून घेतली. त्या आईबापांना दुष्ट म्हणण्याची मला घाई नाही. पोराच्या जिवाची काळजी वाटणे हा गुन्हा नव्हे, आणि एका बाकावर बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही हे पत्रकात वाचून कोणाची भीती जात नसते. ती शेजारी राहून जाते. हासेगावातही पुढे हळूहळू विरोध ओसरला. पंढरपूरला मंगलताई शहा यांची 'पालवी' आहे. तिथली मुलेही कोणी ना कोणी नाकारलेलीच. या माणसांविषयी मला आदर आहे, आणि त्यांना पैसे पाठवणाऱ्यांविषयीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपल्या दयेच्या एका खोडीविषयी. तिला मरणारे मूल आवडते. एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी दवाखान्यांतून या विषाणूवरची औषधे फुकट मिळू लागली, आणि जी मुले दहा-बारा वर्षांत जातील असे गृहीत धरले होते, ती गेली नाहीत. ती वाढली. त्यांना मिसरूड फुटले, आवाज फुटला. एखादीला आरशासमोर वेळ लागू लागला. रोज ठरल्या वेळी गोळी घेतली तर विषाणू रक्तात सापडू नये इतका दबतो, आणि मग जोडीदारालाही लागण होत नाही. औषध नियमित घेणाऱ्या आईचे बाळ बहुधा निरोगी जन्मते. म्हणजे हे आता नोकरी, लग्न आणि भाड्याची खोली मागणारे तरुण आहेत. आणि नेमके इथेच आपले डबे येणे थांबते. अठरा वर्षांचा मुलगा 'निष्पाप' या शब्दात मावत नाही. त्याने एखादी शिटी घातली, एखादा दिवस काम चुकवले, की आपल्याला त्याच्या बापाची आठवण होते.

बापटल्यांना हे उमगले असावे. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी त्यांनी दुसरे गाव वसवले. नाव 'हॅपी इंडियन व्हिलेज'. आद्याक्षरे जुळवून पाहा, त्यात जरा मिस्कीलपणाही आहे. तिथे तरुण काम करतात, त्यांची लग्नेही लागतात. चांगलेच आहे. तरीही मनात येते, एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात त्यांना स्वतःचे वेगळे गाव का लागावे?

कायदा आपल्या पुढे गेला आहे. २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने शाळेत, नोकरीत, घरभाड्यात असा भेदभाव करण्यास मनाई केली. त्यातले एक कलम वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. अशा बाधित कुटुंबात बारा वर्षांवरचे, पुरेशी समज असलेले मूल घर चालवीत असेल, तर त्याला धाकट्या भावंडांचे पालक मानावे : शाळेच्या दाखल्यासाठी, उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी. बारा वर्षांचे! म्हणजे माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरचे कोणीही.

पण कायदा जाऊन जाऊन जातो कुठवर? तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा तो शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत. दवाखान्यासाठी ही अट वीस माणसांची. आमच्या आंधळगावात कोशाचे कापड विणतात. इथे कामाची जागा म्हणजे एका घरातले दोन-चार माग, नाहीतर रस्त्यावरचे दुकान. अशा ठिकाणी एखादा तरुण कामाला लागला, तर औषध आणण्यासाठी त्याला मधूनमधून भंडाऱ्याला जावे लागणार. मालक विचारणार, "काऊन रे, घडीघडी सुट्टी कायले पायजे तुले?" आपला आजार उघड करण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नाही, असे कायदा सांगतो. ते बरोबरच आहे. पण त्या क्षणी दुकानात दोघेच असतात, मालक आणि तो, आणि मालक उत्तराची वाट पाहत असतो.